पाणमांजर मागे वळून पाहत नाही

चौथ्या भागातून बापाचं दुःख कापलं. अख्खं, अकरा मिनिटांचं. त्या जागी सात बदकांचं गाणं घातलं आणि मुलांना ते फार आवडलं.

पण हे झालेलंच नाही असं धरून पहिल्यापासून सांगायला हवं. कारण ज्या सकाळी बाप स्टुडिओत आला, त्या सकाळी बदकं जन्माला यायची होती, आणि बापाच्या दुःखाला सगळ्यांच्या माना डोलावून झाल्या होत्या. एक सही तेवढी राहिली होती.

ती सही खोडरबरची. खोडरबर हे तिचं ऑफिसातलं नाव. घरचं नाव कुणाला आठवत नसे आणि तिनं कधी आठवण करून दिली नाही. पाणमांजराच्या पिल्लावरच्या कार्टूनपटांची ती सातत्य तपासनीस होती. म्हणजे पहिल्या भागात पिल्लाच्या मिशीला अकरा केस असतील तर चौथ्यातही अकराच हवेत, बारावा दिसला की तिनं चित्रकाराच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. तिच्याकडे एक जाडजूड वही होती आणि वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम होता: पडद्यावर आलं, ते घडलं.

घडलेलं बदलायचं असेल तर रीतसर 'सातत्य दुरुस्ती अर्ज' करावा लागे. असे अर्ज यायचे. एका रंगाऱ्यानं लिहिलं होतं की पहिल्या भागातला बेडूक आपण साखरपुड्याच्या आठवड्यात रंगवला, त्यामुळे तो नको तितका हिरवा झाला. आता लग्न मोडलं आहे, तरी बेडूक थोडा फिका करावा. खोडरबर प्रत्येक अर्ज शेवटपर्यंत वाचायची आणि 'नामंजूर'चा शिक्का मारायची. सिनेमा जगभर जाऊन बसला, पोरांना तोंडपाठ झाला; आता कुणाच्या घरी जाऊन बेडूक फिका करणार? शिक्का मारताना तिला आतून गार वाटायचं, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता बापाचं. सहा वर्षांपूर्वी, पहिला भाग लिहिताना, दिग्दर्शकानं सगळ्यांना गोल बसवून 'घरचं काहीतरी खरं' ओकायला लावलं होतं. कुणी कुत्रा सांगितला, कुणी आजोबा. खोडरबरनं सांगितलं की ती नऊ वर्षांची असताना वडील दारात उभे राहून म्हणाले, "इस्त्रीचे कपडे घेऊन आलोच," आणि गेले. मागे वळून पाहिलं नाही.

"मग?" दिग्दर्शकानं विचारलं.

"मग काही नाही. तेरा वर्षं झाली."

दिग्दर्शकानं टाळी वाजवली. सिनेमात कपड्यांचे मासे झाले. चौथ्या मिनिटाला बाप म्हणतो, "मासे घेऊन आलोच," नदीत उतरतो, मागे वळून पाहत नाही, आणि पिल्लू पुढचे तीन भाग काठावर बसून राहतं. तिनं तेव्हा एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी आई लाँड्रीत गेली, तर कपडे खरंच नेलेले होते. चार शर्ट आणि आईचा निळा कोट. माणूस विसराळू नव्हता.

तर आता चौथ्या भागात बाप परत येणार होता. पोरांची पत्रं येत होती, 'त्याचे बाबा कधी येणार?' निर्मात्यानं ठरवलं की यायचं, आणि दुःखी होऊन यायचं, म्हणजे कुणी शिव्या घालणार नाही. अकरा मिनिटांची पूर्वकथा बेतली: पुरात त्याचा भाऊ वाहून गेला, त्या धक्क्यानं बाप घरी परतलाच नाही. आवाज हवा होता थकलेला, पण मनानं चांगला. चाळीस आवाज ऐकून दिग्दर्शकानं एक निवडला.

तो आवाज सकाळी दहाला आला. साठीचा माणूस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. काचेआडून खोडरबरनं त्याला पाहिलं आणि ओळखलं. त्यानं तिला ओळखलं नाही. नऊ वर्षांची मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी ओळखू यायची तर मधे एक-दोनदा तरी बघावी लागते.

तिनं आईला मेसेज केला, "तो आलाय."

"कोण?"

"इस्त्रीवाला."

पाच मिनिटं काही नाही. मग आईचं उत्तर आलं, "कोट आणलाय का?"

रेकॉर्डिंग सुरू झालं.

"पिल्ला, मी रोज यायचो रे," बाप माइकमध्ये म्हणाला. "त्या खडकाआडून तुला बघायचो." ध्वनिवाल्यानं छातीवर हात ठेवला. दिग्दर्शक चष्मा पुसू लागला.

खोडरबरनं बटण दाबलं. तिचा आवाज पलीकडे स्पीकरमधून गेला. "रोज?"

"हो मॅडम. इथं रोज असंच लिहिलंय."

"दुसऱ्या भागात एकतिसाव्या मिनिटाला पिल्लू तीन दिवस तापानं फणफणलंय. तेव्हा?"

"तेव्हाही बघत असेन की."

"आणि पाणी पाजायला आला नाहीत."

"मी नाही मॅडम, पाणमांजर."

"मी पाणमांजराचंच बोलतेय."

"अगं बाई, दुःखात आहे तो!" दिग्दर्शक कळवळला.

"असू दे की. दुःखानं पाय मोडत नाहीत. वहीत नोंद आहे, चारही शाबूत आहेत. आणि भाऊ कुठून आणलात? पहिल्या भागात आजी म्हणते, 'एकुलता एक लेक माझा.'"

दिग्दर्शकानं डोकं धरलं. "चुलत करू."

"चुलत भावासाठी तीन भाग गायब?"

"फार जीव होता त्यांचा एकमेकांवर!"

"एवढा जीव लावणारा प्राणी होता, तर घरच्यांच्या वाट्याला थोडा का नाही आला?"

ध्वनिवाल्यानं चहाची सुट्टी जाहीर केली, कारण कुणीतरी काहीतरी जाहीर करणं गरजेचं होतं.

बाप कप घेऊन तिच्याच शेजारी येऊन टेकला. गोड बोलण्यात तो पहिल्यापासून पटाईत. "मॅडम, तुम्ही भलत्याच कडक हो. आमच्यासारख्या म्हाताऱ्याला रडवाल."

"तेच काम आहे तुमचं. मुलंबाळं?"

"मुलगी आहे. दहा वर्षांची."

"एकच?"

त्यानं चहावर फुंकर मारली. चहा गारच होता. "एकच," तो म्हणाला. मग खुलला. "या सिनेमांची वेडी आहे हो. पहिल्या भागात बाप निघून जातो ना, तिथं दर वेळी रडते. म्हणते, शी, कसला बाप आहे."

"मग तुम्ही काय सांगता?"

"मी म्हणतो, बाळा, हे कार्टून आहे. खरी माणसं अशी नसतात गं."

खोडरबरनं ते वहीत लिहून घेतलं. कशाखाली लिहावं हे न सुचल्यानं 'बेडूक' या सदराखाली लिहिलं.

सुट्टीनंतर बापानं कमाल केली. कागद बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि मनचंच बोलू लागला. "तुझा डावा मोजा सारखा खाली यायचा. कितीदा वर केला तरी. मी वाकायचो, ओढायचो, तू दोन पावलं टाकलीस की परत खाली. अजूनही कुठे लहान मोजा दिसला की मी वाकतो, पिल्ला. आणि मग तिथं तू नसतेस."

दिग्दर्शक उघड उघड रडला. ध्वनिवाला पाठ करून बसला. खोडरबरचं पेन हातातच राहिलं. टेबलाखाली तिचा डावा मोजा बुटात घसरून टाचेखाली गोळा झाला होता, सकाळपासून.

तिनं बटण दाबलं. "मोजा कुणाचा?"

"अं?"

"आत्ता कुणाचा आठवला? धाकटीचा?"

बापानं डोळे उघडले. "नाही. तिचे बरोबर बसतात," तो म्हणाला. "होती एक. जाऊ द्या ना मॅडम, चांगलं झालं ना?"

"सोनं झालं!" दिग्दर्शक ओरडला. "कर गं सही. भाऊ उडवतो, ते 'रोज' उडवतो, नुसता मोजा ठेवतो. कर!"

आता सगळं तिच्या पेनवर आलं. तिनं सही केली की बाप सुटणार होता, तोही तिच्याच मोज्यावर. लाखो पोरं त्याच्यासाठी रडणार होती आणि घरी गेल्यावर धाकटी त्याच्या गळ्यात पडणार होती. खोडरबरनं वही मिटली.

"पाणमांजरं मोजे घालत नाहीत," ती म्हणाली.

काचेपलीकडून बापानं हात पसरले. "पण माझं चुकलं काय, ते तरी सांगा!"

तिनं बटण दाबलं. "कोट आणलात का?"

"कसला कोट?"

"निळा. बायकी. चार शर्टांबरोबर नेला होतात."

बापानं हेडफोन काढून दोन्ही हातांत धरले. मग काचेत पाहिलं. आत त्याला ती दिसली की त्याचंच तोंड दिसलं, सांगता येत नाही. त्या काचेत दोन्ही दिसतं. ध्वनिवाला मशीन बंद करायला विसरला होता. ती चाळीस सेकंदांची शांतता त्यानं पुढं 'उत्तम, पाचव्या भागात वापरावी' असं नाव देऊन जपून ठेवली.

"कोट कुठून आला आता?" दिग्दर्शक गोंधळला. "कोट कोण घालतं यात?"

"कुणीच नाही. तशी नोंद आहे," खोडरबर म्हणाली, आणि अकरा मिनिटांवर शिक्का मारला. तिला गार वाटलं नाही. शाई संपत आली असेल म्हणून तिनं दुसऱ्या पॅडवर दाबून पुन्हा मारला. तरी नाही.

बाप गेला. आपल्याला ठाऊकच आहे, वळला नाही. दुपारी बदकांचं ठरलं.

तीन आठवड्यांनी तिच्या टेबलावर एक पुडकं आलं. आत निळा कोट होता. वापरलेला, इस्त्री केलेला, कुण्या बुटक्या बाईसाठी चार बोटं आखूड केलेला. खिशात घडी घालून एक अर्ज होता. स्टुडिओचाच छापील नमुना, सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले.

प्रति,
सातत्य तपासनीस यांस,

विषय: पहिला भाग, चौथे मिनिट, दुरुस्ती मिळणेबाबत.

महोदया,

अर्जदार सदर मिनिटाशी व्यक्तिशः संबंधित आहे. सदर मिनिटात बाप 'आलोच' म्हणून निघतो व मागे वळून पाहत नाही. हे चित्रण अचूक आहे, त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. मोजाही अर्जदार मागत नाही. तरी सदर ठिकाणी बापाने काठावर थांबून एकदा, फार तर अर्धा सेकंद, मागे वळून पाहिले असे दाखवण्यात यावे व तसे पूर्वलक्षी प्रभावाने घडले असे धरण्यात यावे, ही नम्र विनंती.