कर्नल पालाब्रिकांचा कोट

फिलिपिन्समधल्या इलोइलोजवळच्या एका गावात निवृत्त लष्करी डॉक्टर, कर्नल हेर्मोहेनेस पालाब्रिका यांना मान होता तो त्यांच्या अकरा पदकांमुळे. मिंदानाओच्या जंगलात तीन दिवस उभं राहून त्यांनी बावीस जवानांच्या अंगातले छर्रे काढले होते. ते कुणी विचारत नसे.

गावच्या जत्रेला ते पदकांचा कोट घालून गेले. पोटदुखीनं किंचाळणारं शेजारचं तान्हं पोर त्या पदकांना लोंबकळलं आणि गप्प झालं. झालं! दुसऱ्या दिवशी दारात रांग.

"कोट द्या, डॉक. सासूला जुलाब लागलेत."

"मी येतो ना तपासायला!"

"तुम्ही कशाला उन्हाचे येताय? कोट पुरे."

कर्नल भडकले. मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते त्यांनी ओरडून समजावलं. लोक ते पाणी प्यायले, बरे झाले आणि कोटाची बाही कपाळाला लावून गेले. शेवटी बायकोनं, रेमेदियोसनं, कोटाचे नंबर लावून दिले.

ऑगस्टमध्ये कर्नलनाच ताप भरला.

"माझा कोट आण गं," ते कण्हले आणि स्वतःच चपापले.

"तुझा नंबर चौदावा," रेमेदियोस म्हणाली. "आत्ता तो कापितानाच्या म्हशीवर आहे. रेडकू अडलंय."

कर्नल तसेच अर्ध्या चड्डीवर निघाले. गावची प्रमुख, कापिताना फेलिसा, म्हशीला पंख्यानं वारा घालत होती. म्हशीच्या पाठीवर कोट. ती कळ देई तशी पदकं किणकिणत.

"सरका!" कर्नलनी खांद्यापर्यंत हात घातला, आत दुमडलेला पाय सरळ केला आणि ओढलं. रेडकू सळ्‌कन गवतावर आलं.

जमलेल्या गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. कापितानानं डोळे पुसत कोटावर बारावं पदक लावलं: कोंबड्यांच्या झुंजीत मिळालेली निळी फीत. कोट घरी पोचवायला तीही निघाली; रिक्षात कोट तिच्या शेजारी बसला आणि कर्नल मागे लटकले.

"डॉक, घट्ट धरा हं!" रिक्षावाला ओरडला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला. दारात एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती.

"कोट धुवायला टाकलाय," रेमेदियोस सांगत होती. "म्हशीनं पार घाण केला."

बाईचा चेहरा पडला. तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग... डॉक असले तरी चालतील."

आतून काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला. कर्नल अनवाणीच स्टेथोस्कोप शोधत धावत सुटले होते.