कुलसुमबी माझ्यावर बसली

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. टॉर्चमध्ये किंवा रिमोटमध्ये घालतात ती नव्हे. मला उचलायला दोन माणसं लागतात. मी इन्व्हर्टरची बॅटरी. माझ्या वाट्याला हिंडणं-फिरणं आलं नाही. एका घराच्या मागच्या पडवीत, खिडकीखाली, मी पाच वर्षं बसून काढली. तेव्हा जे सांगते आहे ते त्या पडवीतून दिसलेलं आणि कानांवर आलेलं.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या एकीला लागून एक उभ्या केल्या, वरून तेजाबाचं पाणी ओतलं आणि झाकण बसवलं. मग मला रत्नागिरीच्या बाजारात हरिश्चंद्र नावाच्या दुकानदाराकडे धाडलं. तिथून मी मिरकरवाड्यात कुलसुमबीच्या घरी आले. तिची नात मनाल नुकतीच जन्मली होती, वीज सारखी जात होती आणि उकाड्याने बाळ रडून रडून लाल होत होतं. मनालचा बाप तन्वीर कुवेतला. त्याने तिथून सांगून मला आणवलं. वीज गेली की पंखा मी फिरवायचा, एवढंच माझं काम.

ते काम मी चोख केलं. कुलसुमबी माझी फार निगा राखी. महिन्या-दोन महिन्यांनी झाकणं उघडून पाणी बघायची, कमी असेल तर बाटलीतलं घालायची, वरची धूळ फडक्याने पुसायची. शेजारणींना सांगायची, आमच्याकडे वीज गेली तरी पोर झोपेतून उठत नाही. ते ऐकून मला बरं वाटे.

खिडकीतून परस दिसे. तिथे कुलसुमबीचे नवरे अयूबचाचा काम करत. ते जाळी शिवत. जाळं पाण्यात सरळ खाली उतरावं म्हणून त्याच्या तळच्या दोरीला शिशाचे मणी लावावे लागतात. हे मणी चाचा घरीच ओतत. त्यासाठी लोक त्यांना होड्यांच्या आणि गाड्यांच्या बिघडलेल्या बॅटऱ्या आणून देत. माझ्याच जातीच्या त्या. चाचा छिन्नी-हातोड्याने त्यांना फोडत, आतलं पाणी विहिरीच्या वाटेवर ओतून देत आणि पट्ट्या जुन्या कढईत वितळवत. पिवळट धूर निघे. धूर विरला की मनाल धावत यायची. गार झालेले मणी दोऱ्यात ओवून ती हार करायची आणि दोरा हातात राहीना म्हणून मणी तोंडात धरायची. कुणी तिला ओरडलं नाही. तिचा बापही लहानपणी तेच करत असे.

ओतलेलं पाणी जिथे मुरे, तिथून दहा पावलांवर कुलसुमबीचा लाल माठाचा वाफा होता. ती ताजा माठ खुडायची, खोबरं घालून भाजी करायची आणि पहिला घास नातीला द्यायची.

मनाल पाच वर्षांची झाली तरी अंग धरेना. पोट दुखतं म्हणून जेवायची नाही. आधी येत असलेली अक्षरं विसरायला लागली. बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं, तेव्हा सून महरीन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त मुंबईला तपासायला गेलं. आठ दिवसांनी महरीन कागद घेऊन आली आणि पडवीतच उभी राहून सासूला तिने सांगितलं, की पोरीच्या रक्तात शिसं आहे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की घरात बॅटऱ्या फोडतं का कुणी.

कुलसुमबी परसात गेली आणि तिने माठाचा सगळा वाफा मुळासकट उपटला. मग हात न धुता तशीच मातीत बसून राहिली. महरीन जवळ गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांनी ओतलं, पण वाढलं मी."

अयूबचाचांना मात्र ते पटेना. त्यांचा बाप हेच काम करत नव्वदीला गेला, असं ते सांगत. डॉक्टरांना जाळ्यातलं काय कळतं, असंही म्हणत. त्यांचं स्वतःचं पोट वर्षानुवर्षं दुखे, त्यावर ते ओवा खात. तरीपण नातीसाठी त्यांनी कढई बंद केली. निदान घरच्यांना तसं वाटलं.

त्या गडबडीत माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. चार-पाच महिने पाणी घातलं गेलं नाही. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या आणि एके दिवशी वीज गेली तेव्हा पंखा दोन फेरे घेऊन थांबला. मी संपले होते. दोघांनी धरून मला परसात आंब्याखाली नेऊन ठेवलं. पाच वर्षांत मी पहिल्यांदाच उघड्यावर आले.

महरीनने दुकानात फोन केला. जुनी बॅटरी आम्हीच परत घेतो, टेम्पो बुधवारी येईल, असं हरिश्चंद्र म्हणाला.

मंगळवारी दुपारी महरीन मनालला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. अयूबचाचा छिन्नी-हातोडा घेऊन आले. माझ्यासारख्या मोठ्या बॅटरीत शिसं भरपूर असतं आणि हंगामाचं एक मोठं जाळं त्यांना शिवून द्यायचं होतं. त्यांनी छिन्नी माझ्या झाकणाच्या कडेला लावली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुलसुमबीने पाहिलं. ती आली, हाताने छिन्नी बाजूला सारली आणि माझ्यावर बसली.

चाचा म्हणाले, ही शेवटची. पोर घरात नाही, धूर तिच्या अंगावर जायचा नाही.

"तन्वीरचे अब्बा," कुलसुमबी म्हणाली, "धूर जाईल, पाणी कुठं जाईल? मी उठायची नाय."

चाचा हातोडा घेऊन उभे राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्या आड कधी आली नव्हती. ते पायरीवर जाऊन बसले. ऊन सरकलं, अजान झाली, ती उठली नाही. महरीन परतली तेव्हा सासू बॅटरीवर आणि सासरे पायरीवर, असं तिने पाहिलं आणि सासूला पाणी नेऊन दिलं. चाचांनी शेवटी हातोडा घरात नेऊन ठेवला, तेव्हा कुठे कुलसुमबी गुडघ्यांवर हात टेकून उठली.

बुधवारी टेम्पो आला. हरिश्चंद्राने मला आडवं पडू न देता उभंच चढवलं, दोरीने बांधलं. महरीनने घरभर शोधून रिमोटचे सेल, बॅटरी फुगलेला मोबाइल असं सगळं डब्यात भरून दिलं होतं. दुकानात त्यासाठी वेगळी पेटी होती, तिथून ते ई-कचऱ्याच्या केंद्रात जाई. टेम्पो सुरू झाला आणि अयूबचाचांनी हात करून तो थांबवला. ते जाळ्यांच्या ढिगामागे गेले आणि ताडपत्रीत गुंडाळलेल्या दोन बॅटऱ्या एकेक करून ओढत बाहेर आणल्या. त्या तिथे आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ह्या पण न्या," ते म्हणाले. कुलसुमबीकडे त्यांनी पाहिलं नाही.

आता मी गोदामात आहे. इथून आम्हाला बंद भट्टीच्या कारखान्यात नेतील. तिथे धूर बाहेर सुटत नाही आणि पाणी मातीत मुरत नाही. मनालचं काय झालं, हे मला कळणार नाही. निघताना एवढंच ऐकलं होतं, की रक्तातलं शिसं थोडं उतरलं आहे, वेळ लागेल.

मित्रांनो, मी वाईट नाही आणि चांगलीही नाही. झाकण बंद आहे तोवर मी पंखा फिरवते, फुटले की विष होते. मला फोडू नका, जाळू नका, कचऱ्यात टाकू नका. जिथून आणलं तिथे परत द्या. आणि घरात कुणी हातोडा घेऊन माझ्याकडे आलं, तर माझ्यासाठी नव्हे, तुमच्या विहिरीसाठी आड या.