खंडेनवमीला झोपवलेली मशीन

लातूरच्या मोंढ्यात चन्नबसप्पाची आडत. त्याचा तराजू इतका खरा, की पारड्यावर माशी बसली तर हमाल आधी तिचं वजन वजा करायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे पुढे तर माश्या संकोचून पाय वर धरून बसायच्या.

त्याची सून अंबिका आडतीच्या माडीवर बसून वेगळंच काम करायची. लातूर-नांदेडकडच्या कुठल्या दवाखान्यात साप चावल्यावरचं इंजेक्शन शिल्लक आहे, ते मोबाइलवर दाखवणारं ॲप तिनं बनवलं होतं. दवाखानेवाले त्यात आपापल्या साठ्याचा आकडा भरायचे आणि अडलेली माणसं बघायची. पण ॲप चालायचं ते मुंबईकडच्या एका इमारतीत भाड्यानं घेतलेल्या मशीनवर. मशीन तिकडे, अंबिका इकडे. लॅपटॉपवर बोट ठेवलं की तिकडची मशीन उठायची, बसायची.

खंडेनवमी आली. हत्यारं पुजायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही चन्नबसप्पाच्या घरची शिस्त. तराजू पुजला, पोत्यात खुपसायचे हूक पुजले, ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली. मला प्रसादाचं बोलावणं होतं, म्हणजे मी सकाळपासूनच तिथं.

"आन् ती मुंबईची मशीन?" चन्नबसप्पानं विचारलं.

"अप्पा, ती थांबवता येत न्हाई."

"पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवतो का आपण?"

"बैलावर कुणाचा जीव टांगलेला नसतो अप्पा. काढणी चालू हाय. साप ह्याच दिवसांत निघतेत."

म्हाताऱ्यानं तोंड पाडलं. तेही असं, की समोरच्या दुकानातलं दूध नासावं. त्याचा मुलगा शिवप्रसाद, म्हणजे अंबिकाचा नवरा, बापाचं पडलेलं तोंड बघू शकत नसे. बायको खाली नैवेद्य आणायला गेली तेवढ्यात त्यानं गुपचूप लॅपटॉप उघडून मुंबईची मशीन बंद केली. मग लॅपटॉपवर हळदकुंकू, अक्षता, फूल. मंगळारती झाली आणि अंबिकाचा फोन वाजला. अडल्यानडल्याला म्हणून तिचा नंबर ॲपवर दिलेला असे.

"ताई, मुखेडकडून केरबा बोलून राहिलो. आमच्या घरवालीला, पार्वतीला साप चावला वो. सोयाबीन काढून राहिली होती. डोळे झाकून राहिलेत तिचे. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन संपलंय. तुमचं ते उघडंना! टेम्पो फाट्यावर उभा हाय. उदगीरला पळवू का नांदेडला?"

अंबिकानं स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं. नुसतं चाक गरगरत राहिलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग आधीच उतरला होता.

"काय केलात तुम्ही?"

"आरतीपुरतंच बंद केलतं गं. अप्पासाठी."

ती लॅपटॉपकडे झेपावली. चन्नबसप्पाचा हात आडवा आला. सवयीनंच आला असणार.

"उद्यापतूर न्हाई! आजच्या दिवशी विळा धरला म्हनून तर त्या बाईला—"

फोन मोठ्या आवाजावर होता. केरबानं ऐकलं.

"मालक, शेंगा फुटून राहिल्यात रानात. आन् आमाला कुठली नवमी?"

त्याच्यामागून बाईचा श्वास ऐकू येत होता. घशात अडकलेला, घरघरता. मी आयुष्यात बोललेल्या सगळ्या थापा त्या आवाजापुढे थिट्या.

चन्नबसप्पानं स्वतः फूल उचललं. धोतराच्या सोग्यानं हळद पुसली. "घे. कर लवकर."

पण पासवर्ड टाकता येईना. एका बटणाखाली अक्षतांचा दाणा बसलेला. अंबिकानं लॅपटॉप उलटा करून थोपटला. केसातली पिन काढून घुसवली. इकडे केरबा विचारतोय, "ताई, हाव ना? कुठं जाऊ?" दाणा उडाला. मशीन उठली.

ॲप तरीही उघडेना.

ते असं असतं. लॉजमधली खोली सोडून दुसऱ्या दिवशी परत आलात, तर तीच खोली मिळेल असं नाही. मशीन झोपवून उठवली की तिला नवा पत्ता मिळतो. जुना पत्ता आधीच कायमचा बांधून घ्यावा लागतो, आणि ते अंबिकाचं राहून गेलं होतं. लोकांचे फोन जुन्याच खोलीचं दार वाजवत होते. तिनं नवा पत्ता लावला, पण तो गावोगावच्या फोनपर्यंत पोचायला वेळ लागणार होता. पार्वतीबाईकडे तेवढा वेळ नव्हता.

अंबिकानं डोळे मिटले, उघडले. मग मशीनच्या आत शिरून साठ्याची यादीच पडद्यावर काढली.

"केरबाभाऊ, ऐका. उदगीर न्हाई. नांदेडच्या रस्त्याला लागा. थोडं पुढं डाव्या हाताला डॉक्टर धम्मप्रियांचा नवा दवाखाना हाय. सकाळीच त्यांनी साठा भरलाय. तिला हलू देऊ नका. मी त्यांना फोन करते, दारात उभ्या राहतील."

टेम्पो खडखडल्याचा आवाज आला आणि फोन कटला.

त्यानंतर फोन वाजला की आम्ही सगळे दचकायचो. पण केरबा नसायचा. औशाकडचा कुणी, चाकूरकडचा कुणी. ॲप उघडत नाही म्हणून ओरडणारे. अंबिका पत्त्याच्या मागे लागलेली. शिवप्रसादनं फोन घ्यायला हात पुढे केला, तर चन्नबसप्पानं त्याच्याआधीच तो ओढला आणि चष्मा चढवून सुनेशेजारी पडद्यासमोर बसला. यादी वाचून सांगू लागला. प्रसादाचं ताट माझ्यापुढे तसंच गार झालं. मी जेवलो नाही, आणि ही थाप नव्हे.

उन्हं उतरली तेव्हा केरबाचा फोन आला.

"ताई हायेत का?"

"मी तिचा सासरा. बोल बाबा, बोल."

"इंजेक्शनं दिलीत. मशीनीवर श्वास देऊन राहिले होते, आता काढली. डॉक्टरीणबाई म्हनल्या, धोका टळला. विळा रानात टाकून आलो म्हनून शिव्या देऊन राहिली मला."

"देऊ दे," चन्नबसप्पा म्हणाला. अंबिकाकडे बघायचं त्यानं टाळलं, आणि फोन पुन्हा वाजला.

"हां, चन्नबसप्पा बोलतो. कोन्तं गाव? साप का विंचू?"