वर्षभर न धुतलेला रोल

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रोल घातल्याशिवाय न चालणारा. माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते आपल्या छत्रपती संभाजीनगरातलं समर्थनगरचं घर आणि चित्रकलेचे शिक्षक श्रीनिवासराव यांचे खडूने पांढरे झालेले हात. पंचवीस वर्षं त्यांनी मला गळ्यात मिरवलं. शाळेची सहल दौलताबादला निघाली की सरांच्या आधी माझी चौकशी व्हायची. "सर, तुमच्या कॅमेऱ्याची नजर भारी," असं कोणी म्हटलं की मी फुशारून जायचो. मग मोबाईल आले आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी झाली. कोणी साधी धूळही पुसत नसे. मला फार वाईट वाटायचं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत सरांची नात सावनी पुण्याहून आली आणि तिने मला खाली काढलं. जानेवारीत तिच्या कॉलेजात फोटोंचं प्रदर्शन होतं आणि तिला ब्लॅक अँड व्हाइट फोटो मांडायचे होते. आजोबांनी फ्रिजमध्ये जपून ठेवलेला शेवटचा रोल तिच्या हातावर ठेवला. त्याची तारीख कधीच उलटून गेली होती. "छत्तीसच फोटो आहेत. उधळू नकोस," ते म्हणाले.

दहा दिवस आम्ही दोघं रस्ते पालथे घालत होतो. पैठण गेटजवळ आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवणारे म्हातारे हात, शहागंजच्या घड्याळाखाली रिकाम्या टोपलीवर डोकं टेकून झोपलेला फुलवाला, असं काय काय माझ्या पोटात जमा झालं. तीस फोटो झाले. एकतिसावा गुलमंडीत निघाला आणि तिथेच घोडं अडलं.

मिठाईच्या दुकानासमोर एक बाई गरम इमरती खात उभी होती. पाक मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेला, तशी ती एकटीच, मान मागे टाकून हसली. पदर डोक्यावरून घसरला. सावनीने मला डोळ्याला लावलं आणि कळ दाबली. माझा 'खटॅक' आवाज मोठा आहे. बाईने चमकून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

दुसऱ्या क्षणाला तिने माझा पट्टा धरला होता. "ए पोरी, फोटू काढला तू माझा? पुसून टाक. आत्ताच्या आत्ता!"

"मावशी, अहो..."

"मावशीबिवशी नाय. मालक जाऊन तीन महिने झाले माझे. वरीसभर आमच्या घरात सण नाय, गोड नाय. डोळे दाखवायला आले अन् हितं थांबले. दिरानं फोटू पाहिला तर काय म्हणंल? नवऱ्याची राख गार व्हयना अन् ही इमरत्या खाती, दात काढती!"

बघता बघता माणसं जमली. पानाच्या टपरीवरचा बन्सी मध्ये पडला. "ताई, डिलीट करून टाका ना, कायको झंझट?"

आता डिलीट कसं करणार? रोल अंधारात, औषधात धुतल्याशिवाय माझ्यातले फोटो दिसतही नाहीत, आणि त्यातला एकच पुसता येत नाही. पाठ उघडली की उजेड आत शिरतो आणि बरे-वाईट सगळेच फोटो जातात. बाईचं बोट माझ्या पाठीच्या खिटीवरच होतं. ती खिटी जुनी आहे, जरा ओढली की उघडते. मी जीव मुठीत धरून होतो.

आणि सावनी खोटं बोलली. माझ्या बुडाशी एक बारकं बटण आहे. रोल परत गुंडाळायचा असला की ते दाबतात. तिने ते दाबून दाखवलं. "हे बघा. गेला तुमचा फोटो."

बाईने पट्टा सोडला. तिचे डोळे भरून आले होते. "देव तुझं भलं करो, बाई. लई भ्याले होते." हातातली उरलेली अर्धी इमरती तिने सावनीच्या हातावर ठेवली आणि वैजापूरची गाडी गाठायची म्हणून लगबगीने निघून गेली.

सावनीने इमरतीचा घास घेतला, पण तो तिला गोडच लागेना. ती तिथेच उभी राहिली. मला वाटलं, चला, सुटलो! खरं सांगतो मित्रांनो, मला आनंदच झाला होता. आज त्याची लाज वाटते. कारण पुढच्याच क्षणी सावनीने रिक्षा थांबवली आणि म्हणाली, "मध्यवर्ती बसस्टँड. लवकर चला."

दिवाळीची गर्दी होती, रिक्षा हलता हलेना. आम्ही पोचलो तेव्हा वैजापूरची बस सुरू होऊन घुरघुरत होती. सावनी धक्के खात आत चढली. बाई खिडकीशी बसली होती.

"मावशी, मी खोटं बोलले. फोटो गेलेला नाही."

 बाई म्हणाली, "तुझ्या तोंडाकडं बघून इस्वास ठेवला म्या."

 सावनीने उभ्या उभ्या माझी गुंडाळायची दांडी फिरवून रोल गुंडाळला, डबी काढली आणि बाईच्या ओंजळीत ठेवली. "सगळं यात आहे. हे टोक धरून फिल्म बाहेर ओढा. उजेड लागला की संपलं."

"अन् तुझे फोटू?"

"तेही जातील. दहा दिवसांचे."

"ताई, उतरा खाली, गाडी काढायची!" कंडक्टर ओरडला. बाईने टोक चिमटीत धरलं. मी रिकाम्या पोटाने ती चिमूट बघत होतो. घंटी वाजली.

"न धुता किती दिस ऱ्हातं हे?" बाईने विचारलं.

"फ्रिजमध्ये ठेवलं तर... वर्षभर राहील. पण जुना रोल आहे, खात्री नाही देता येत."

बाईने डबी तिच्या हातात परत कोंबली. "मग वरीस होऊ दे. वर्षश्राद्ध झालं की म्या सांगते. तोवर कुणाला दावू नको. द्वारकाबाई म्हणत्यात मला." सावनीने घाईघाईने आजोबांच्या घरचा पत्ता लिहून दिला आणि चालत्या बसमधून उडी मारली.

डबी फ्रिजमध्ये गेली. जानेवारीतलं प्रदर्शन आलं आणि गेलं. सावनीची भिंत रिकामी राहिली. तिचा चुलतभाऊ देवेश म्हणायचा, "अगं, धुऊन टाक! तिला कुठं कळणार आहे?" दर वेळी मला धडकी भरायची. दर वेळी सावनी म्हणायची, "मला कळेल ना." उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली, तेव्हा तिने पुण्याहून चारदा फोन करून आजोबांना डबीभोवती बर्फ ठेवायला लावला. वर्षश्राद्धाचा श्रावण आला, संपला, तरी निरोप नाही. सावनीने डबीला हात लावला नाही.

गणपतीच्या सुट्टीत ती घरी आलेली असताना द्वारकाबाई स्वतःच दारात उभी राहिली. "झालं श्राद्ध. धू आता."

न्हाणीघराचं दार लागलं. बाहेर आजोबा, द्वारकाबाई आणि टेबलावर मी.  अर्ध्या तासाने सावनी ओली फिल्म धरून बाहेर आली. तिचं तोंड सुकलं होतं. सुरुवातीचे कितीतरी फोटो धुरकटून गेले होते. फुलवाला तर ओळखूसुद्धा येत नव्हता. फिल्मवर काळं-पांढरं उलटं उमटतं, म्हणून एकतिसाव्यावर तिने मोबाईल धरला. ज्या मोबाईलला मी जन्मभर नाकं मुरडली, त्यानेच काळ्याचं पांढरं करून दाखवलं.

पडद्यावर द्वारकाबाई हसत होती. जरा रवाळ उमटलेली, पण पुरती.

तिने कितीतरी वेळ पाहिलं. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "दर दिवाळीला ते इमरती खायचे अन् समदा पाक सदऱ्यावर सांडायचे. दर दिवाळीला म्या वरडायची. त्या दिशी माझाच हात बरबटला, अन् वाटलं, आत्ता हे असते तर मला हसले असते. म्हणून हसू आलं, पोरी. त्यांचंच हसू होतं ते."

मित्रांनो, मी इतकी वर्षं माणसं टिपली, पण कोण कशासाठी हसतं ते मला कधी दिसलं नाही. म्हणून माझी धूळ पुसा असं मी आज सांगणार नाही. कोणाचा फोटो काढाल, तर आधी त्याला विचारा. आणि तो थांब म्हणाला, तर वर्षभरसुद्धा थांबा.