पाळण्याच्या पलीकडं

शिवकांतानं आईचा दंड धरून तिला बारशासाठी नीलम्माच्या उंबऱ्याच्या आत ओढलंच.

"सोड गं. डोकं उठलंय माझं," गिरिजाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"नळदुर्गात कुणाचंबी बारसं निघालं की तुझं डोकं उठतं! मला कळलंय सगळं, आई. सोनारीच्या मावशीनं सांगितलं. पटकीच्या साली तू मला मांडीवर घेतलंस."

गिरिजाबाईच्या हातातलं बाळाचं टोपडं खाली पडलं. शिवकांतानं ते उचललं, झटकलं आणि ती चक्क हसली. सकाळीच निजामाच्या सरकारी शाळेत ती उर्दूत पहिली आली होती. आज ती कशालाच भिणार नव्हती.

"रडतीस काय? त्या साली एवढी लेकरं उघड्यावर पडली, त्यातनं तू मलाच उचललंस. मी तर गल्लीभर सांगत सुटणार होते!"

"गप! लोक काय..."

"गिरिजाबाई, या की!" आतून मल्लम्मानं हाक दिली. गल्लीतलं कुठलंही बारसं तिच्याशिवाय होत नसे. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायला दोन बाजूंना दोन बायका लागत, आणि त्या पोटचं लेकरू असलेल्याच हव्यात, हा तिचा दंडक. "लेकुरवाळ्या तुमी, आन् दारात उभ्या? धरा लेकरू."

बाळ हातात आलं. गिरिजाबाईनं लेकीकडं पाहिलं. शिवकांता टाचा उंचावून उभी होती.

"मल्लम्मा, शिवकांता माझ्या पोटची न्हाय," गिरिजाबाई म्हणाली. "दोन वर्सांची होती, तवा घेतली. सोनारी सोडून इथं आलो, तवापासनं लपवलं. बारा वर्सं. चालत असंल तर धरते, न्हायतर घ्या परत."

बायकांचं पाळण्याचं गाणं मधेच थांबलं. बाळ घ्यायला पाळण्यापलीकडं उभ्या असलेल्या नागूबाईनं पुढं केलेले हात पदराखाली घेतले.

"अगं बाई! आन् आमी पोरीचं नाक आईवर गेलंय म्हणत होतो," कुणीतरी पुटपुटलं.

"सांगा की, चालतं का?" शिवकांतानं विचारलं.

मल्लम्मा पाळण्याची दोरी उगाच सारखी करू लागली. बाळ हातपाय झाडू लागलं. समोरची जागा मोकळीच होती.

कोपऱ्यातली बाज करकरली. बारा दिवसांची बाळंतीण नीलम्मा, कानाला फडकं बांधलेली, भिंतीला धरून उठली.

"अगं, उठू नगंस!" मल्लम्मा ओरडली.

नीलम्मा पाळण्याच्या पलीकडं येऊन वाकली. तिनं दोन्ही हात पसरले.

"द्या मावशी. आधी खालून द्या."