एका लायनीतलं घर

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पासाहेबांना, सोलरमधलं सगळं कळतं. अकरा वर्षांपूर्वी शेंद्र्यात पहिलं सोलर त्यांच्या गच्चीवर लागलं, तेव्हापासून सूर्य त्यांना विचारूनच उगवतो. मी जवळच्याच कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. तिथल्या शंभरएक मोटारी माझ्या भरवशावर फिरतात. घरात मात्र माझा विजेशी संबंध फ्यूज उडाला की टॉर्च धरण्यापुरता.

यंदा जुन्या पाच पॅनलांच्या शेजारी पाच नवे आले, ते सासूबाईंच्या, म्हणजे सरूबाईंच्या, कांडप मशीनसाठी. त्यांनी स्वतःसाठी काही मागायची ही पहिलीच वेळ, तीही साठाव्या वर्षी. गल्लीतल्या बायकांची मिरची नि येसूर मसाला कुटून द्यायचा, एवढीच त्यांची हौस. दुपारी लाइट जाते, म्हणून सोलर. आप्पांनी मोठ्या मनानं अक्षय्य तृतीयेची मुदत दिली, "आखजीपर्यंत चाललं तर ठीक, नाय तर इकून टाकू."

पॅनल बसवायला आलेला सोमनाथ म्हणाला, "इन्व्हर्टरला दोन लायनी जोडता येत्यात. जुने एकीवर घेऊ, नवे दुसरीवर."

"म्हंजी वाटणी?" आप्पा ताडकन उठले. "तीन पिढ्यांत आमच्या घरात वाटणी झाली नाय. भाऊबंद काय म्हणतील? आप्पासाहेबाच्या गच्चीवर दोन चुली?"

मला गप्प बसता आलं नाही. "आप्पा, सगळे एका माळेत जोडले की नवे जुन्यांच्या चालीनं चालतात. एका जुवाला म्हातारा बैल नि तरणा खोंड जुंपल्यासारखं होतं."

"म्हातारा कुणाला म्हणती, सूनबाई?"

शेजारी उभा असलेला माझा नवरा सुदर्शन एकदम पाण्याची टाकी निरखायला लागला. टाकीत काय होतं, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

झालं. नारळ फुटला, दहाही पॅनल एका लायनीत नांदायला लागले. पहिल्या दुपारी शेजारच्या वच्छलाबाई भाजलेला येसूर घेऊन आल्या. मशीननं दहा-बारा दणके दिले, इन्व्हर्टर टीं-टीं करून ओरडला आणि सगळं बंद. वच्छलाबाई अर्धवट कुटलेला मसाला घेऊन घरी गेल्या. पुढंही रोज तेच. आप्पांचं निदान तयारच होतं, "बाईमाणसाच्या धंद्याला मशीनबी कंटाळतं."

सरूबाईंनी मशीनवर जुनं लुगडं पांघरलं आणि भाकरी थापायला बसल्या. मला इतका राग आला, की त्या दिवशी मी सुदर्शनला वाढलंसुद्धा नाही.

आखजीला तीन दिवस उरले आणि आप्पा दौलताबादला लग्नाला गेले. ते वळणाआड गेले तशा सरूबाई गुडघे धरत गच्चीवर आल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच या घरात कुणीतरी मला विचारलं, "तुला येतं का गं ते?"

"येतं, आई."

"मग सोमनाथला बोलाव."

अर्ध्या तासाचं काम. जुने पाच एका लायनीवर, नवे पाच दुसरीवर. मी खाली येऊन लुगडं काढलं, सरूबाईंनी हात जोडून बटण दाबलं, आणि मशीन जे सुरू झालं ते थांबेचना. दुपारी लाइट गेली, तरी त्याला पत्ता नाही. चारच्या सुमारास आप्पा परतले तेव्हा दारात बायकांची रांग होती आणि सगळी गल्ली शिंकत होती.

आप्पा कमरेवर हात ठेवून फाटकात उभे राहिले. "बघितलं का, सूनबाई? एका लायनीत ताकद असती. आमचा चाळीस वर्षांचा संसारबी एकाच लायनीत चालला."

सरूबाईंनी मशीन बंद केलं.

"लायनी दोन केल्या म्या, सकाळीच," त्या पदरानं नाकावरचं तिखट पुसत म्हणाल्या. "तुमच्या जुन्यांना कुणी हाकललं नाय. तेबी चालू हायेत, आपल्या चालीनं. अन् संसाराचं म्हणाल, तर व्हय, चालला एका लायनीत. म्हणून तर माझं मशीन यायला माझी साठी उजाडली."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आप्पा काहीतरी म्हणाले, पण मशीनच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही.