छताच्या उजेडातले डोळे

माझी वहिनी नेकबख्त एकदा हट्टाला पेटली की तिला कुणी हलवू शकत नाही. आणि नेमका त्या दिवशी फोन तिनेच उचलला.

फोन मॉस्कोहून होता. बोलणारा कुर्बोनशो आमच्याच खोऱ्यातला, पण ओळखीचा नव्हता.

"काकी, इथे इस्पितळात एक जण बेशुद्ध पडलाय. बांधकामाची परांची कोसळली. तोंडाला, हातांना बँडेज, जवळ कागद नाही. आपल्याकडचा वाटतो, म्हणून घरोघर विचारतोय. तुमच्या अलीदोदचे डोळे कोणत्या रंगाचे?"

माझ्या भाच्याचा फोन दोन दिवस लागत नव्हता. वहिनीचा आवाज मात्र ठाम. "हिरवे! कोवळ्या गव्हासारखे."

"मग तो हा नाही, काकी. याचे करडे आहेत. डॉक्टरने पापणी उचलली तेव्हा मी स्वतः पाहिले."

"मग आमचा नाहीच तो!" फोन ठेवून वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. कुणाचं तरी पोर तिकडे मरणाला टेकलं होतं आणि आम्ही दोघी आनंदाने रडत होतो. काय म्हणावं आम्हाला!

दुसऱ्या दिवशी दुपारी अलीदोदची बायको सबोहत लेकीला, मोहिराला, घेऊन माहेराहून आली, तर दारात मेंढा बांधलेला.

"हे काय आत्या, कोण पाहुणे येतायत?"

"देवाचे आभार मानायचेत," वहिनी आतूनच म्हणाली, आणि फोनची सगळी हकिगत सांगितली.

सबोहत उंबऱ्यातच थबकली. "आई, हिरवे कुठले? त्यांचे डोळे करडे आहेत."

"चल गं! नऊ महिने पोटात मी वागवला, आणि रंग तू सांगणार?"

"पोटात असताना डोळे दिसत होते वाटतं?"

मला हसू फुटलं. वहिनी फणकारली, "लग्नानंतर सगळा वेळ तो रशियात. तू पाहिलास तरी किती त्याला?"

सबोहत हसली नाही. तिने मोहिराला उचललं. पोरीने डोळे अगदी बापाचे घेतलेत. छताच्या झरोक्याखाली तिला उभं केलं. ऊन धुराने पिवळ्या पडलेल्या लाकडावरून खाली येत होतं. डोळे हिरवेगार.

"झालं समाधान?" वहिनी म्हणाली.

सबोहतने पोरीला दारात नेलं. समोर सगळा बर्फ. डोळे करडे झाले. मग कोठीतल्या अंधारात नेऊन फोनची पांढरी बॅटरी लावली. ते राखेसारखे दिसले.

"घाऱ्या डोळ्यांत रंग फारसा नसतोच, आई. उजेड पडेल तसे दिसतात. इस्पितळात असाच पांढरा दिवा असतो."

अलीदोद घरी यायचा तो हिवाळ्यात, यंदा अजून यायचा होता; आणि गुडघे धरलेली वहिनी हिवाळ्यात चुलीपासून हलत नाही. गेली कित्येक वर्षं लेक तिने पाहिला तो या झरोक्याखालीच. तिने फोन माझ्याकडे सरकवला. मीच कुर्बोनशोला लावला.

"गेला तो, काकी," कुर्बोनशो म्हणाला. "आज सकाळी. जरा शुद्धीवर आला होता. सारखं मोहिरा, मोहिरा म्हणत होता. मी कुणाला विचारणार, कोण मोहिरा? तुमचा नाही म्हणालात, म्हणून मी दुसरी घरं शोधत बसलो."

सबोहतच्या कुशीतून मोहिराने विचारलं, "मला कोण हाक मारत होतं?"



आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने मेंढा कापतात आणि दिवा लावतात. दारातला तो मेंढाच कामी आला. संध्याकाळी गावच्या धर्मगुरूंनी, खलिफांनी, प्रार्थना म्हणत वात पेटवली. घर माणसांनी भरलं होतं. वहिनीने मोहिराला जवळ ओढलं, तिचं तोंड दिव्याकडे वळवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"बघ गं सबोहत," ती लहान मुलीसारखी म्हणाली. "हिरवेच आहेत ना?"

सबोहतने डोळे पुसले आणि सासूचा हात धरला.

"हो आई. हिरवेच आहेत."